पेशीत सोडलेला एसआयआरएनए जिवंतपणी कसा बघायचा

रंग लावलेला एसआयआरएनए (ठरलेलं जनुक दाबणारा आरएनएचा छोटा दुहेरी धागा) पेशींना दिला आणि मायक्रोस्कोपच्या पडद्यावर लाल ठिपके उमटले की आमच्याकडची मुलं, कुणी खानापूरची, कुणी निपाणी-चिकोडीची, एकदम खूश होतात. "मॅडम, गेलं की आत!" आत गेलंय हे खरंच, पण एंडोसोमच्या, म्हणजे पेशी बाहेरचा माल जिच्यात गिळते त्या पिशवीत. एसआयआरएनएचं काम त्या पिशवीबाहेर, पेशीच्या आतल्या द्रवात म्हणजे सायटोप्लाझममध्ये, आर्गोनॉट-२ या प्रथिनात बसल्यावर सुरू होतं. ठिपके मोजून कुणी "डिलिव्हरी झाली" असं लिहिलं की मला राहवत नाही. बघायचं असतं ते ठिपक्यांच्या मधलं अंधुक, पसरलेलं तेज. सगळी तयारी त्याच्यासाठी करायची.

आधी हिशेब करून बघा. ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये २ मिलिलिटर मीडियम (पेशींचं पोषक द्रव) आणि त्यात १० नॅनोमोलर एसआयआरएनए म्हणजे २० पिकोमोल. डिशमध्ये ४ लाख हेला पेशी (प्रयोगशाळेत नेहमी वाढवतात त्या मानवी कर्कपेशी) धरल्या तर एकेकीच्या वाट्याला सुमारे ३ कोटी रेणू येतात. जनुकाचा आवाज निम्म्यावर आणायला सायटोप्लाझममध्ये काही हजार रेणू पुरतात. २०१३ साली ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने एसआयआरएनएला सोन्याचे कण जोडले, तो लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, नॅनोकणांतून पेशींना दिला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजला. पिशवीतून सुटलेला भाग निघाला १ ते २ टक्के. पॅटिसिरान हे २०१८ साली मंजूर झालेलं पहिलं एसआयआरएनए औषध लिपिड नॅनोकणांतूनच देतात. म्हणजे एवढ्याशा सुटकेवर रोग्याचं भलं होऊ शकतं. म्हणूनच ती सुटका नीट बघायला शिकणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

रंग निवडताना फ्लुओरेसिनच्या मोहात पडू नका. स्वस्त असतो, पण आम्लात मंदावतो. एंडोसोमचा पीएच ६.५ वरून लायसोसोमपर्यंत (माल पचवणाऱ्या शेवटच्या पिशवीपर्यंत) ५ च्या खाली उतरतो, तसे ठिपके विझत जातात आणि एसआयआरएनए संपला असं वाटतं. साय-३, साय-५ किंवा अलेक्सा फ्लुओर ६४७ या बाबतीत भरवशाचे. त्यातही तांबड्या टोकाकडचे दोघे बरे, कारण पेशीची स्वतःची चमक हिरव्या पट्ट्यात जास्त असते.

एसआयआरएनएच्या दोन धाग्यांपैकी अँटिसेन्स आर्गोनॉट ठेवून घेतो आणि सेन्स सोडून देतो. रंग सेन्स धाग्याला जोडून मागवा. अँटिसेन्सचं ५ प्राइम टोक मोकळंच हवं, आर्गोनॉट त्याच टोकाच्या फॉस्फेटला धरतो. ऑर्डरच्या फॉर्मवर हा रकाना कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. माल आल्यावर रंगीत आणि बिनरंगी एसआयआरएनए शेजारी शेजारी देऊन दोघांनी जनुक सारखंच दाबलं का ते तपासा. रंगीत कमी पडत असेल तर त्याचा प्रवास बघून काही हाती लागणार नाही.

धागे अखंड आहेत की तुटून नुसता रंग फिरतोय, हे कळायला फ्रेटचा, म्हणजे एका रंगाची ऊर्जा अगदी जवळच्या दुसऱ्या रंगाला जाण्याचा, उपाय आहे. सेन्सच्या ५ प्राइम टोकाला साय-३ आणि अँटिसेन्सच्या ३ प्राइम टोकाला साय-५ लावा. ही दोन्ही टोकं दुहेरी धाग्याच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे साय-३ वर प्रकाश टाकला की साय-५ उजळतो. उजळणं थांबलं की लगेच "तुटला" म्हणू नका. आर्गोनॉटने सेन्स धागा सोडून दिला तरी फ्रेट जातोच. नुसता साय-३ आणि नुसता साय-५ असलेल्या डिशही ठेवा, नाहीतर एका चॅनेलमधून दुसऱ्यात झिरपलेला उजेड फ्रेट समजला जाईल.

आता प्रवासाचं. बेळगावात बसून पेशी वाढवता येतात, पण ज्यांच्या हाताशी ३७ अंशांचा, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा चेंबर लावलेला कन्फोकल मायक्रोस्कोप नाही, त्यांना पुणं नाहीतर बेंगळूर गाठावं लागतं. रात्रीच्या बसने पेशी न्यायच्या तर टी-२५ फ्लास्क मीडियमने गळ्यापर्यंत भरा. हवा राहिली की घाटात मीडियम हिंदकळतं आणि पेशी सुटतात. बिनछिद्राचं झाकण घट्ट लावा, वर पॅराफिल्म, आणि फ्लास्क थर्माकोलच्या डब्यात. बर्फ घालू नका. पोहोचल्यावर जादा मीडियम काढून रात्रभर इनक्युबेटरमध्ये विसावू द्या, मगच काचतळाच्या डिशमध्ये पेरा. काच ०.१७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे १.५ नंबरची, ऑइल लेन्स तिच्यासाठीच बनलेली असते. एसआयआरएनए सुका असेल तर बॅगेत, अंधारात, निर्धास्त न्या. एसआयआरएनए पेशीत शिरवणारं लायपोफेक्टामिन आरएनएआयमॅक्स मात्र ४ अंशांवर ठेवायचं असतं, गोठलं की वाया, म्हणून बाटलीला बर्फ थेट टेकू देऊ नका. ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशींना एसआयआरएनए देणं, तिथेच करा.

एसआयआरएनए विरघळवल्यावर लगेच छोटे छोटे भाग करून उणे २० ला टाका. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, आणि एकच नळी पुन्हा पुन्हा वितळून गोठली तर धागे खराब होतात.

मायक्रोस्कोपवर बसण्याच्या दिवशी फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडियम वापरा. चेंबर निदान तासभर आधी सुरू करा. धातू आणि लेन्स गरम होईपर्यंत फोकस सरकत राहतो. स्पिनिंग डिस्क प्रकारचा कन्फोकल मिळत असेल तर तोच घ्या, पेशींना लेझरचा जाच कमी होतो. लेन्स ६० किंवा ६३ पटीची, १.४ न्यूमेरिकल अपर्चरची. आम्लधर्मी पिशव्या रंगवणारं लायसोट्रॅकर ५० नॅनोमोलरवर पुरे. पेशीच्या अंगाला बाहेरून चिकटलेले गोळे आतले वाटतात, ते हेपारिनच्या धुण्याने निघतात.

खरी कसोटी पुढे आहे. ठिपके इतके प्रखर असतात की ते छान दिसतील असं गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ठेवलं की सायटोप्लाझम काळाकुट्ट येतो. हॅलोजनच्या शेजारी पणती ठेवून फोटो काढल्यासारखं होतं. म्हणून एक चित्र ठिपक्यांसाठी घ्या आणि दुसरं, ठिपके जादा उजेडाने पांढरेफटक झाले तरी चालतील अशा सेटिंगवर, मधल्या भागासाठी. त्याच दुसऱ्या सेटिंगवर एसआयआरएनए न दिलेली डिश घ्या. तिच्यापेक्षा जे जास्त, तेवढंच तुमचं. ठिपक्याच्या प्रखरतेवरून रेणू मोजायला जाऊ नका. दाटीने बसलेले रंग एकमेकांना विझवतात, म्हणून मंद ठिपक्यात माल जास्तही असू शकतो.

सुटकेचा क्षण पकडायचा असेल तर गॅलेक्टिन-८ या प्रथिनाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेल्या पेशी घ्या. एंडोसोमचा पडदा फाटला की आतल्या बाजूच्या साखरा उघड्या पडतात, आणि गॅलेक्टिन त्यांच्यावर धावून जाऊन हिरवा ठिपका करतं. लाल ठिपका तिथेच मंदावला आणि भोवतालचं तेज किंचित वाढलं, तर सुटका झाली असं म्हणायला आधार मिळाला. यासाठी दर ५-१० सेकंदांना चित्र हवं आणि लेझर अगदी कमी. शेजारी क्लोरोक्विन घातलेली डिश ठेवा, तिथे पिशव्या फुगून फाटतात. त्या डिशमध्येही काही दिसलं नाही तर दोष सेटिंगमध्ये शोधा.

ठिपक्यांच्या वाटा काढायला फिजी या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकमेट फुकट आहे आणि चांगलं आहे. त्यातून पिशव्या कशा फिरतात ते कळतं. सुटलेला रेणू जेमतेम ६ नॅनोमीटर लांब आणि वेगाने पसरणारा, तो ठिपका म्हणून दिसतच नाही. तेव्हा निकालात "एसआयआरएनएचा वेग" असं लिहू नका, "एसआयआरएनए असलेल्या पिशव्यांचा वेग" लिहा.

चित्रं झाली की डिश फेकू नका. शक्य असेल तर तीच डिश इनक्युबेटरमध्ये ठेवून २४ आणि ४८ तासांनी लक्ष्य जनुक किती दबलं ते बघा, सोबत स्क्रॅम्बल्ड, म्हणजे अक्षरक्रम विस्कटलेल्या, एसआयआरएनएची डिश. परतीच्या बसला निघण्याआधी मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर घ्या, जेपीजी नव्हे, आणि लेझरची टक्केवारी, एक्स्पोजर, गेन वहीत उतरवा.