लेस्टरच्या सुपरमार्केटात पार्टटाइम: निघण्याआधी वाचा

मास्टर्ससाठी इंग्लंडला निघालेल्या आमच्या सातारा-सांगलीकडच्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पार्टटाइम मिळेल ना?" मिळतो. मी स्वतः लेस्टरला एका मोठ्या सुपरमार्केटात काम केलंय. पण विमानात बसण्याआधी हा हिशोब घरी, आईबाबांसमोर बसून करा. एप्रिल 2026 पासून 21 वर्षं आणि त्यावरच्यांना तासाला किमान 12.71 पौंड मिळतात. व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तास चालतात, म्हणजे फार तर 254 पौंड. यात खोलीभाडं आणि खाणं ओढूनताणून बसतं. फी आणि कर्जाचा हप्ता यातून निघेल हे डोक्यातून काढून टाका. आणि हे 20 तासही हातात येतीलच असं नाही. करारावर बहुतेक वेळा आठ-दहा तासच लिहिलेले असतात, वरचे मिळाले तर मिळाले.

शोध सप्टेंबरातच सुरू करा, कॉलेजचं आयकार्ड हातात पडायच्या आधी. नाताळासाठी जादा माणसं तेव्हाच घेतात. जानेवारीत उलट असलेल्यांचेच तास कापतात. सीव्ही एका पानाचा ठेवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, काही लिहायचं नाही. मुलाखतीत "चिडलेल्या गिऱ्हाइकाला कधी सांभाळलंय का" असं विचारतात. गणपती मंडळाच्या वर्गणीचा किंवा मामाच्या दुकानातला खरा प्रसंग सांगा, चालतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर (पगारातल्या कपातींसाठीचा तुमचा सरकारी नंबर) आला नाही म्हणून थांबू नका. ई-व्हिसावरून शेअर कोड (ज्यावरून दुकान तुमची कामाची परवानगी तपासतं) काढून दिला की काम सुरू करता येतं, नंबर मागून येतो.

आता तासांचं बघा, कारण इथेच पोरं अडकतात. व्हिसाचा आठवडा सोमवार ते रविवार. "या आठवड्यात 24, पुढच्या आठवड्यात 16, सरासरी बरोबर" हे चालत नाही. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीचे तास एकत्र धरतात. आमच्या दुकानाचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा. त्यामुळे पगाराच्या कागदावर 20 दिसले तरी सोमवार-रविवार मोजल्यावर ते 24 भरू शकतात. मॅनेजर हे बघत बसत नाही, आपली वही आपणच ठेवायची. शनिवारी सकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, "कोणी येऊ शकेल का? दोघी आजारी आहेत." तेव्हा सरळ लिहा, "व्हिसाचे तास संपले." कोणी राग धरत नाही. आणि मास्टर्सवाल्यांनो, उन्हाळ्यात वर्ग नसले तरी प्रबंधाचं काम चालू असतं, म्हणून तुमची सुट्टी धरत नाहीत. पदवीच्या पोरांना उन्हाळाभर पूर्ण वेळ करता येतं, तुम्हाला कोर्स संपल्याच्या तारखेनंतरच.

काम म्हणजे नेमकं काय? संध्याकाळच्या शिफ्टला मागच्या गोदामातून माणसाएवढ्या उंचीचे जाळीचे गाडे ओढत आणायचे. त्यांना केज म्हणतात आणि एक चाक हमखास वाकडं असतं. दुधाचे कॅन लावताना नवीन तारखेचा माल मागे आणि जुना पुढे. मग सगळ्या फळीवरचा माल कडेपर्यंत ओढून लेबलं समोर करायची. चिलरमध्ये अर्धा तास हात घालून बोटं बधिर होतात, आतून थर्मल घाला. बुटांवर पैसे वाचवू नका. पहिला पगार व्हायच्या आधी पाय बोलायला लागतात.

गल्ल्यावर बसवलं तर दारू विकताना डोळे उघडे ठेवा. कायद्याचं वय 18, पण 25 च्या आतला दिसला की ओळखपत्र मागायचंच, असा बहुतेक दुकानांचा दंडक आहे. अल्पवयीन पोराला बाटली गेली तर विकणाऱ्या माणसावरही कारवाई होते, नुसत्या दुकानावर नाही. गिऱ्हाईक कितीही भुवया उंचावो.

विश्रांतीचा एक बारकावा. सहा तासांहून जास्त काम असेल तरच 20 मिनिटांची सुट्टी कायद्याने मिळते. त्यामुळे शिफ्ट बरोबर सहा तासांची लावली की ती मिनिटंही गेली. करार वाचताना हे बघा, आणि सुट्टीचे पैसे धरतात का तेही. भरपगारी रजा मात्र पार्टटाइमवाल्यांनाही असते. तास कमीजास्त होत असतील तर केलेल्या तासांच्या 12.07 टक्के. 20 तासांमागे साधारण दोन तास पंचवीस मिनिटं. मागितल्याशिवाय कोणी आठवण करून देत नाही.

पहिल्या पगाराच्या कागदावर कराचा कोड "बीआर" दिसला तर सरसकट 20 टक्के कर कापलेला असतो. वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत कर नाही, म्हणून कर खात्याला कळवून कोड बदलून घ्या, पैसे परत येतात.

"आपल्याच माणसाचं" कोपऱ्यावरचं दुकान, रोख पगार, कागद नाही, तासाला सात-आठ पौंड: अशी ऑफर आली तर जाऊ नका. भूक लागलीय म्हणूनसुद्धा नाही. तो माणूस तुमच्या व्हिसाची भीती विकत घेतो.

चांगलंही खूप आहे. संध्याकाळी पिवळी लेबलं लागतात तेव्हा पाव, पनीर, भाजी पडेल किमतीत मिळतं. त्यावर "यूज बाय" असेल तर त्याच दिवशी खा किंवा फ्रीझरमध्ये टाका, "बेस्ट बिफोर"ला एवढं घाबरू नका. इंग्रजी कानाला बसतं ते वर्गात नाही, गल्ल्यावर. आमच्या तिथे आजीबाई "मी डक" (तिकडच्या बोलीत "बाळा" म्हणतात तसं) म्हणून हाक मारायच्या आणि मागच्या रांगेतल्या गुजराती काकू मला "केम छो" करून मोकळ्या व्हायच्या. लेस्टरमधल्या आपल्या लोकांच्या बेलग्रेव्ह रोडची दिवाळी बघायची असेल तर रजा ऑगस्टातच टाका, त्या आठवड्यात निम्म्या दुकानाला सुट्टी हवी असते.

प्रबंध अडकला की नोकरी सोडा. करारात जेवढी नोटीस लिहिलीय तेवढी ईमेलने द्या, उरलेल्या रजेचे पैसे मागा आणि पी45 (नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा कागद) हातात आल्याशिवाय मॅनेजरचा नंबर पुसू नका.