फिनिक्समध्ये घर घेताना परिसर कसा निवडावा

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या फिनिक्स महानगरात घर पाहायला लोक बहुतेक जानेवारी ते मार्च या काळात येतात. तेव्हा दुपारीही अंगणात बसता येते, संध्याकाळी स्वेटर लागतो आणि निळ्या आकाशाखाली कोणतीही वस्ती मनात भरते. ज्या जागेत बारा महिने काढायचे, तिची पारख मात्र या दिवसांत होत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात येथे सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते, आणि त्याच जुलैत सलग १६ रात्री पारा ९० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला नाही. २०२४ मध्ये तर १०० अंशांचा टप्पा सलग ११३ दिवस ओलांडला गेला. म्हणून माझा आग्रह असा की, शक्य असेल तर घर ठरवण्याआधी तो परिसर जून-जुलैत दुपारी चार वाजता आणि पुन्हा रात्री दहा वाजता पायी फिरून पाहावा. घर नंतर दुरुस्त करता येते, वाढवता येते. आजूबाजूची सावली, रस्ता आणि पाणीपुरवठा आपल्या हाती नसतो.

उन्हाळ्यात जाणे जमले नाही तरी परिसराची उष्णता काही खुणांवरून ओळखता येते. दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्री साठवलेली उष्णता सोडत राहतात, त्यामुळे मोठे पार्किंग, रुंद रस्ते आणि खडी पसरलेली अंगणे असलेली वस्ती झाडांच्या वस्तीपेक्षा रात्री उशिरापर्यंत गरम राहते. आर्केडिया किंवा उत्तर-मध्य फिनिक्ससारख्या जुन्या भागांत अनेक ठिकाणी पूर्वी लिंबूवर्गीय फळांच्या बागा होत्या. तेथे आजही कित्येक घरांना कालव्याचे पाणी मिळते, ते अंगणात सोडून भिजवण करता येते आणि त्या जोरावर मोठी झाडे टिकून आहेत. काठावरच्या नव्या वसाहतींत घर मोठे आणि तुलनेने स्वस्त मिळते, पण लावलेली रोपे सावली देईपर्यंत मुलांचे बालपण संपून जाईल, हे लक्षात ठेवावे. घरापासून शाळा, बाग आणि बसथांब्यापर्यंत चालत जाऊन वाटेत सावली किती आहे ते मोजावे. रस्त्याची दिशाही पाहावी. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावरच्या घरांची तोंडे उत्तरेला किंवा दक्षिणेला असतात. उत्तर-दक्षिण रस्त्यावर मात्र घराची पुढची किंवा मागची बाजू पश्चिमेला येते आणि तिकडच्या मोठ्या खिडक्यांवर उन्हाळ्याच्या सबंध दुपारी ऊन पडते.

यापुढचा प्रश्न पाण्याचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गिऱ्हाईक तो सर्वांत कमी विचारते. अ‍ॅरिझोनाने १९८० मध्ये भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यानुसार फिनिक्ससारख्या नियंत्रित क्षेत्रात नवी वसाहत विकण्यापूर्वी पुढील १०० वर्षे पुरेल इतके पाणी उपलब्ध असल्याचे दाखवावे लागते. जून २०२३ मध्ये राज्याच्या जलसंपदा विभागाच्या अभ्यासातून या क्षेत्रातील भूजल भविष्यातील मागणीला अपुरे पडेल असे दिसले, आणि केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी न देण्याचे धोरण गव्हर्नर केटी हॉब्स यांनी जाहीर केले. याचा अर्थ शहरातले नळ कोरडे पडणार असा नव्हता. फिनिक्स, मेसा, चँडलर, स्कॉट्सडेल यांसारख्या शहरांकडे नद्यांच्या पाण्याचे स्वतंत्र हक्क आहेत. अर्थ इतकाच की, एकाच महानगरात दोन पत्त्यांची पाण्याची हमी सारखी नसते.

पत्त्यागणिक पाणी कुठून येते ते समजून घ्यावे. सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचे पाणी १९०३ पासून कार्यरत असलेल्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या कालव्यांमधून तिच्या हद्दीतील जमिनींना मिळते. कोलोराडो नदीचे पाणी सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून उचलून आणले जाते. त्या नदीच्या खालच्या खोऱ्यात ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि तेव्हाच्या कपातीचा सर्वांत मोठा वाटा अ‍ॅरिझोनाला सोसावा लागला. त्यामुळे ज्या भागाला एकाहून अधिक स्रोत आहेत, तो भाग मी वरचढ मानतो.

शहराच्या हद्दीबाहेरच्या जागेबाबत विशेष सावध राहावे. शंभर वर्षांची अट सहा किंवा अधिक भूखंडांच्या वसाहतींना लागू होते. जमिनीचे पाचपर्यंत तुकडे पाडून विकणारा या अटीतून सुटतो. स्कॉट्सडेलच्या ईशान्येला असलेल्या रिओ व्हर्डी फूटहिल्स या वस्तीतील अनेक घरे टँकरने पाणी आणत होती, आणि १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेल शहराने त्या टँकरांना पाणी देणे थांबवल्यावर तेथील कुटुंबांना पाण्यासाठी कित्येक महिने वणवण करावी लागली. डोंगराचे देखणे दृश्य आणि एकराची मोकळी जागा पाहून भुलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: पाणी शहराचे, खासगी कंपनीचे, विहिरीचे की टँकरचे? गेल्या वर्षभराची बिले दाखवता येतील का? विहीर असल्यास तिची खोली आणि नोंदणीची कागदपत्रे कोठे आहेत?

भूजलाच्या उपशाचा आणखी एक परिणाम जमिनीवर दिसतो. पाणी उपसल्याने माती खचते आणि काही भागांत लांबच लांब भेगा पडतात. महानगराच्या आग्नेयेला, क्वीन क्रीकच्या परिसरात अशा भेगा नोंदवलेल्या आहेत. अ‍ॅरिझोना भूवैज्ञानिक सर्वेक्षण त्यांचे नकाशे प्रसिद्ध करते, ते पाहावेत. पुराचा नकाशाही तितकाच गरजेचा आहे. वाळवंटात पूर कसला, असे नवख्याला वाटते, पण १५ जून ते ३० सप्टेंबर या मान्सूनच्या काळात एखाद्या दुपारी कोसळलेला पाऊस कडक जमिनीत मुरत नाही आणि वर्षभर कोरडा असलेला ओढा तासाभरात दुथडी भरून वाहतो. मॅरिकोपा परगण्याचे पूरनियंत्रण मंडळ असे क्षेत्र दाखवणारे नकाशे उपलब्ध करून देते, आणि घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. याच ऋतूत धुळीच्या भिंती उठतात. ५ जुलै २०११ ची भिंत येथील लोक अजून विसरलेले नाहीत. नांगरलेली किंवा बांधकामासाठी उकरलेली मोकळी जमीन शेजारी असेल तर धूळ अधिक येते, आणि येथील मातीत व्हॅली फीव्हर या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी असल्याने दमा असलेल्यांनी ही बाब गंभीरपणे घ्यावी.

वीज एसआरपीची, म्हणजे वर आलेल्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टची, की एपीएस या दुसऱ्या वीज कंपनीची, हे पत्त्यावरून ठरते, ग्राहकाच्या निवडीने नाही. दोघांकडे वेळेनुसार बदलणाऱ्या दरांच्या योजना आहेत, ज्यांत संध्याकाळची वीज महाग पडते. विकणाऱ्याकडून जुलै आणि ऑगस्टची बिले अवश्य मागावीत.

नोकरीच्या ठिकाणाचा विचार करताना अंतरासोबत सूर्यही पाहावा. घर कामाच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे दोन्ही वेळा सूर्याला तोंड देत गाडी चालवावी लागते. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो. येथील रस्ते बहुतांशी सरळ पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असल्यामुळे हा फरक रोज जाणवतो. नवरा-बायको दोघे नोकरी करत असतील तर आधी नकाशा मांडून बसावे, कारण इंटेलचे कारखाने चँडलरमध्ये आग्नेयेला आहेत आणि टीएसएमसी या चिप कंपनीचा कारखाना फिनिक्सच्या उत्तर टोकाला. लाइट रेल्वे २००८ पासून धावते, पण ती फिनिक्स, टेंपी आणि मेसा यांच्या ठरावीक पट्ट्यातच उपयोगी पडते.

शाळेच्या बाबतीत शहराच्या नावावर विसंबू नये. शाळांच्या जिल्ह्यांच्या सीमा शहरांच्या सीमांशी जुळत नाहीत. चँडलरमधले घर चँडलर युनिफाइडऐवजी कायरीन किंवा मेसा जिल्ह्यात असू शकते, आणि फिनिक्स शहराचाच भाग असलेल्या अवाटुकीतील मुले कायरीनच्या शाळांत जातात. राज्यात दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेत प्रवेश घेण्याची मुभा आहे, तरी जागा आणि बस यांची खात्री नसते. जाहिरातीत लिहिलेले शाळेचे नाव प्रमाण न मानता संबंधित जिल्ह्याकडे तो पत्ता देऊन विचारावे.

बहुतेक नव्या वसाहतींत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना असते. तिचे शुल्क सर्वजण विचारतात, पण नियमावली फार थोडे वाचतात. अंगणात कोणते झाड लावता येईल, घराला कोणता रंग देता येईल, पाहुण्याची गाडी रात्रभर वसाहतीच्या खासगी रस्त्यावर उभी राहील की नाही, हे सारे तिथे लिहिलेले असते. काही नव्या भागांत रस्ते आणि गटारांच्या कर्जापोटी घरपट्टीवर जादा कर लागतो, तेव्हा घरपट्टीच्या पावतीतील प्रत्येक ओळ वाचावी. ल्यूक हवाई तळाजवळ लढाऊ विमानांचा आणि स्काय हार्बर विमानतळाच्या पूर्व-पश्चिम पट्ट्यात प्रवासी विमानांचा आवाज असतो. १९६० मध्ये सुरू झालेल्या सन सिटीसारख्या वसाहती पंचावन्न आणि त्यावरील वयाच्या लोकांसाठी आहेत. तरुण कुटुंबाने तेथील कमी किमतीवर वेळ घालवू नये.

राज्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या खरेदी करारात तपासणीसाठी साधारणपणे दहा दिवस मिळतात. ते केवळ छप्पर, एसी आणि वाळवी पाहण्यात घालवू नयेत. विकणाऱ्याने भरून दिलेला माहितीचा फॉर्म पहिल्याच दिवशी वाचावा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नकाशे आणि पाणीपुरवठादार यांची चौकशी उरकावी, कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून ऑफिसपर्यंत गाडी चालवून पाहावी आणि संध्याकाळी दोन-तीन शेजाऱ्यांची दारे वाजवून त्यांचा उन्हाळा कसा जातो ते विचारावे. जे खटकले ते मुदत संपण्याआधी एजंटामार्फत लेखी कळवावे, कारण मुदतीत काहीच न कळवल्यास खरेदीदाराला घर आहे तसे मान्य आहे असे धरले जाते.