लॅबमधल्या टर्बोवरचा सी++ प्रोग्राम व्हीएस कोडमध्ये कसा चालवायचा

सांगली-मिरजेच्या हॉस्टेलांवर ही तक्रार नेहमीची: लॅबमध्ये टर्बो सी++ या जुन्या कंपायलरवर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चाललेला प्रोग्राम लॅपटॉपवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये टाकला की पहिल्याच ओळीखाली लाल रेघ. कारण साधं आहे. टर्बो सी++ ३.० हे सी++ चं पहिलं आयएसओ मानक (भाषेचे अधिकृत नियम) १९९८ साली ठरलं त्याच्या आधीचं, म्हणून त्यातलं काही लिखाण आजच्या कंपायलरला चालत नाही. (खालच्या आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.)

जुना कोड आणताना 'आयओस्ट्रीम.एच' मधलं '.एच' काढा, खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी;' लिहा आणि 'व्हॉइड मेन' च्या जागी 'इंट मेन' करा. 'क्लिअरएससीआर' काढून टाका. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये (जीसीसी या कंपायलरची विंडोजसाठीची आवृत्ती) 'कोनिओ.एच' आणि 'गेटसीएच' मिळतात, पण 'क्लिअरएससीआर' नाही, लिनक्सवर 'कोनिओ.एच' च नाही.

आता कंपायलर कोणता ते बघा. टर्मिनलमध्ये 'जी++ --व्हर्जन' द्या (जी++ म्हणजे जीसीसीचा सी++ साठीचा कंपायलर). जुनं डेव्ह-सी++ आणि कोडब्लॉक्स हे सोबत जी++ घेऊन येणारे दोन्ही एडिटर टाकलेल्या मशीनवर दोन-तीन जी++ असू शकतात, आणि पाथमध्ये (सिस्टीम प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधते त्या यादीत) जो आधी तोच चालतो. 'व्हेअर.ईएक्सई जी++' दिलं की सगळे क्रमाने दिसतात. पॉवरशेलमध्ये '.ईएक्सई' गाळू नका, तिथे नुसत्या 'व्हेअर' चा अर्थ वेगळा आहे. कोणतं मानक ते सांगितलं नाही तर जीसीसी ५ पर्यंत सी++९८ (म्हणजे १९९८ चं मानक) धरतं, ६ ते १० सी++१४, आणि ११ ते १५ सी++१७. डेव्ह-सी++ ५.११ सोबत जीसीसी ४.९.२ येतं, म्हणून त्यात 'ऑटो' वापरून लिहिलेला फॉर लूप अडतो.

बहुतेकांची गाडी अडते ती पुढे. व्हीएस कोडमध्ये मानक एका जागी बदलून भागत नाही, जागा तीन आहेत आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत.

पहिली: कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून 'सी/सी++: एडिट कॉन्फिगरेशन्स (यूआय)' उघडा आणि 'सी++ स्टँडर्ड' मध्ये सी++१७ निवडा. याने फक्त लाल रेघा आणि सूचना बदलतात, कंपायलरला याचा पत्ताही नसतो. दुसरी: '.व्हीएसकोड' फोल्डरमधल्या 'टास्क्स.जेसन' मध्ये 'आर्ग्ज' च्या यादीत '-एसटीडी=सी++१७' घाला, स्वतंत्र अवतरणात, पुढे स्वल्पविराम देऊन. दुसऱ्या फ्लॅगसोबत (कंपायलरला दिलेल्या अशाच सूचनेसोबत) एकाच अवतरणात कोंबलं तर जी++ ते दोन्ही मिळून एकच फ्लॅग समजतं आणि ओळखत नाही. कंट्रोल+शिफ्ट+बी हीच फाइल वाचतं. तिसरी: कोड रनर एक्स्टेंशन असेल तर त्याचं बटण 'टास्क्स.जेसन' कडे बघतच नाही. सेटिंग्जमध्ये 'एक्झिक्युटरमॅप' शोधा आणि 'सीपीपी' च्या ओळीत 'जी++' नंतर तोच फ्लॅग लिहा. आमच्या मते शिकताना कोड रनर काढून टाकलेलं बरं, एक जागा कमी होते.

रेघ लाल पण प्रोग्राम चालतो, म्हणजे पहिली जागा मागे आहे. रेघ नाही पण बिल्ड फसतं, म्हणजे दुसरी किंवा तिसरी. खात्रीसाठी 'सीआउट' ने '__सीप्लसप्लस' छापा: १९९७११ म्हणजे सी++९८, २०११०३ म्हणजे ११, २०१४०२ म्हणजे १४, २०१७०३ म्हणजे १७.

एक फरक मात्र एरर देत नाही, म्हणून जास्त घातक. टर्बोमध्ये 'इंट' १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. मार्केट यार्डातल्या हळदीचं बिल काढताना क्विंटलला १५,००० धरून तीन क्विंटलचे ४५,००० लॅपटॉपवर बरोबर येतात. टर्बोत तेच −२०,५३६ दिसतात. तिथे 'लाँग' घ्या, आणि गुणाकारातला निदान एक आकडा तरी 'लाँग' हवाच. नुसतं उत्तर 'लाँग' मध्ये ठेवून उपयोग नाही.

प्रॅक्टिकल टर्बोवर असेल तर 'बूल' ऐवजी 'इंट', 'व्हेक्टर' ऐवजी साधा अ‍ॅरे, 'युझिंग नेमस्पेस' ची ओळ काढलेली, आणि फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत.