रेकॉर्डरची डिस्क कॉम्प्युटरला जोडताय? आधी या चुका टाळा

माझ्याकडे मदतीचा निरोप येतो तोवर बहुतेक वेळा टीव्हीचे कार्यक्रम साठवणाऱ्या रेकॉर्डरचं झाकण उघडलेलं असतं, हार्ड डिस्क टेबलावर आलेली असते आणि कॉम्प्युटरवर कुठलं तरी ‘ओके’ दाबून झालेलं असतं. मग प्रश्न येतो, “आता काय करू?” हाच प्रश्न आदल्या दिवशी आला असता तर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं.

रेकॉर्डरमधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेणं अवघड नाही. १९९९ साली टिवो या अमेरिकी कंपनीचा पहिला रेकॉर्डर आला, तेव्हापासून लोक हेच करत आलेत. त्या डब्यात ५४ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर, १६ एमबी मेमरी, साधी आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क आणि आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. नेटवर्कचं भोक नव्हतंच. पण मदरबोर्डच्या कडेला एक कनेक्टर मोकळा होता, त्यावर बसणारी नेटवर्क कार्डं लोकांनी बनवली आणि रेकॉर्डिंग थेट कॉम्प्युटरवर ओढली. वाट इतकी मळलेली असूनही दर महिन्याला कुणाचं तरी रेकॉर्डिंग जातं, आणि ते जातं फक्त घाईमुळे.

स्क्रू काढण्याआधी न पाहणं

डिस्कवरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद आहे का, हे आधी बघा. पुष्कळ रेकॉर्डर डिस्कवर लिहितानाच चित्र आणि आवाज सांकेतिक करून लिहितात, आणि त्याची किल्ली त्याच डब्याच्या चिपमध्ये असते. अशी डिस्क कॉम्प्युटरला जोडली की फाइल दिसते, आकारही बरोबर दिसतो, पण चालवली की नुसता कचरा. मग लोक प्लेअर बदलून बघतात, कोडेक (चित्र उलगडणारा प्रोग्राम) टाकून बघतात, दोन दिवस घालवतात.

आणि कंपनीने स्वतःच वाट ठेवली आहे का, हेही मेनूत शोधा. टिवोच्या सिरीज २ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या डब्यात, सुरू होताना बूट चिप कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) सही तपासते, त्यामुळे आत शिरणं फार कठीण झालं. पण त्याच सिरीज २ साठी २००५ मध्ये रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घ्यायची ‘टिवोटूगो’ नावाची अधिकृत सोय आली. मेनूत पाच मिनिटं घालवली तर पुढचं सगळं वाचायची गरज पडणार नाही, असं अनेकदा घडतं. यूएसबीवर ‘एक्स्पोर्ट’ करायची सोय असताना डबा फोडणाऱ्या माणसाला काय सांगावं, मला कळत नाही. कुलूप तोडायच्या भानगडीत मी पडत नाही. इथे जे लिहितोय ते आपल्याच घरच्या, कुलूप नसलेल्या रेकॉर्डिंगबद्दल आहे.

‘इनिशियलाइज’ला ओके म्हणणं

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच एका बटनाने केलंय.

रेकॉर्डरची डिस्क विंडोजला जोडली की विंडोजला तिची मांडणी ओळखता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं की खिडकी येते: ही डिस्क वापरण्याआधी इनिशियलाइज करा. कधी त्याऐवजी ‘फॉरमॅट करा’ अशी खिडकी येते. मॅकवरही तसंच विचारलं जातं. माणसाला वाटतं, ही डिस्क ‘उघडायची’ पायरी असेल. पण ही नवी, कोरी डिस्क तयार करायची पायरी आहे. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवर कुठे काय आहे याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती. एमबीआर निवडलं तर डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या खणावर) लिहिलं जातं. जीपीटी निवडलं, आणि अलीकडच्या विंडोजमध्ये तेच आधीपासून निवडलेलं असतं, तर सुरुवातीच्या ३४ सेक्टरांवर आणि डिस्कच्या शेवटीही लिहिलं जातं. म्हणजे नेमका नकाशाच पुसला जातो. टिवोच्या जुन्या डिस्कला तर एवढंही लागत नसे. त्या काळचं विंडोज पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची छोटी सही टाकत असे आणि तेवढ्यावर रेकॉर्डर सुरू व्हायचा थांबे.

माझ्या एका मित्राच्या वडिलांची एका वाहिनीवर ४० मिनिटांची मुलाखत झाली होती. ती घरच्या रेकॉर्डरवर होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. वडील गेले. वर्षभराने त्याने ती कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, एका रविवारी डिस्क काढली, विंडोजला जोडली, खिडकी आली, ओके दाबलं. डिस्क ‘रिकामी’ दिसायला लागली.

इथपर्यंत सगळं परत आणता आलं असतं. चित्राचा एक बाइटही हलला नव्हता. पण तो घाबरला आणि डिस्क परत रेकॉर्डरमध्ये लावली, ‘तिथे तरी दिसेल’ म्हणून. रेकॉर्डरला डिस्क ओळखता आली नाही. त्याने पडद्यावर विचारलं, फॉरमॅट करू का? मित्राने रिमोटवर ओके दाबलं. फॉरमॅट झाल्या क्षणी रेकॉर्डर वाहिनी दाखवू लागला, आणि चालू कार्यक्रम थांबवून पुढे-मागे करता यावा म्हणून जे टाइमशिफ्ट असतं, ते डिस्कवर लिहायला लागलं. ते कुणी सुरू केलं नव्हतं. ते डबा सुरू असेपर्यंत आपोआप चालूच असतं. त्याने मला फोन केला तेव्हा डबा दोन तास चालू होता, आणि त्याच्या वडिलांच्या जागेवर बातम्या लिहिल्या जात होत्या.

मी फोनवर पहिलं वाक्य बोललो ते “प्लग काढ” एवढंच. नंतर त्या डिस्कची अख्खी प्रत घेतली आणि प्रतीवर शोध चालवला. प्रसारणाचा डेटा १८८ बाइटच्या पाकिटांत असतो आणि प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट हेक्समध्ये ४७ असतो. दर १८८ बाइटांनी ४७ भेटत गेलं की समजायचं, इथे चित्र आहे. चार रात्री ते तुकडे काढून, बघून, क्रमाने लावत बसलो. ४० पैकी ११ मिनिटं मिळाली.

म्हणून माझी सवय अशी: रेकॉर्डरची डिस्क विंडोजला जोडायचीच नाही. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवर (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवर) मशीन सुरू करायचं, मशीनची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवायची आणि मगच रेकॉर्डरची डिस्क लावायची. आणि काही बिघडलंय असं वाटलं तर डिस्क रेकॉर्डरमध्ये परत लावायची नाही. टेबलावर ठेवायची, केबलही काढायची.

‘मी फक्त वाचत होतो’

लिनक्स वापरणारे मात्र यात फसतात. केवळ वाचण्यासाठी माउंट केलं (फाइली दिसाव्यात म्हणून सिस्टिमला जोडलं) म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जाणार नाही, असं त्यांना वाटतं. तसं नाही. रेकॉर्डरचा प्लग ओढून डिस्क काढलेली असते, त्यामुळे जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची डिस्कवरची नोंद, अर्धवट असतं. फाइल सिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी३ असो की एक्सएफएस, केवळ-वाचन माउंटमध्येही लिनक्स आधी ते जर्नल पूर्ण करतं, म्हणजे लिहितं. ते नको असेल तर ईएक्सटी३ला ‘नोलोड’ आणि एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’ सांगावं लागतं. मी त्याही आधी ब्लॉकडेव्ह या आज्ञेने अख्ख्या डिस्कला केवळ-वाचन करून टाकतो. डेस्कटॉपचं आपोआप माउंट करणंही बंद करतो.

खरं तर मूळ डिस्क माउंट करायचीच नसते. आधी प्रत घ्यायची आणि पुढचं सगळं प्रतीवर करायचं. हे सांगितलं की लोक विचारतात, किती वेळ लागेल? ५०० जीबीची डिस्क यूएसबी २.० च्या केसमधून साधारण साडेचार तास घेते. “एवढा वेळ?” म्हणणाऱ्यांना मी ती ११ मिनिटं दाखवू शकतो.

प्रत घेताना लिनक्सच्या डीडी या साध्या आज्ञेपेक्षा डीडीरेस्क्यू बरं. या डिस्क वर्षानुवर्षं रात्रंदिवस फिरलेल्या असतात, थकलेल्या असतात. डीडीरेस्क्यू आधी धडधाकट भाग उचलतं आणि खराब सेक्टरांकडे नंतर वळतं. मध्ये वीज गेली तरी काय उचललं याची नोंद ठेवणाऱ्या नकाशाच्या फाइलवरून जिथे थांबलं तिथून पुढे जातं. आणि ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल करू नका. मी मूळ डिस्कवर लाल चिकटपट्टी लावतो, तिचा सिरीयल नंबर कागदावर लिहितो आणि एंटर दाबण्याआधी पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघतो. प्रत्येक वेळी.

कचरा दिसला म्हणून डिस्क बिघडली समजणं

टिवोच्या पहिल्या सिरीजच्या डिस्कवर बाइटच्या जोड्या उलट्या लिहिलेल्या असतात. पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) मांडणी जुन्या मॅकच्या धर्तीची आणि फाइल सिस्टिम त्यांची स्वतःची. साध्या कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही. डिस्क धडधाकट असते. डीडीला ‘स्वॅब’ सांगून प्रतीतले बाइट सरळ करून घेतले की नकाशा दिसायला लागतो.

पॉवर सप्लायशेजारी हात घालणं

पुष्कळ रेकॉर्डरमध्ये पॉवर सप्लायला वेगळं झाकण नसतं. डिस्कच्या स्क्रूपासून चार बोटांवर ती पाटी उघडी असते. २३० व्होल्टची वीज तिथे रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती तिथे राहू शकते. रिमोटने बंद केलेला डबा बंद नसतो, आणि नुकताच प्लग काढलेला डबाही निर्धोक नसतो. मी आदल्या रात्री प्लग काढतो आणि सकाळी उघडतो. उघडल्यावरही मीटरने कपॅसिटर तपासल्याशिवाय त्या पाटीच्या बाजूला हात नेत नाही. डिस्क गेली तर रेकॉर्डिंग जातं. इथे चुकलं तर माणूस जातो. झाकण काढून, डबा चालू ठेवून व्हिडिओ काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांचं बघून पंधरा वर्षांचा मुलगा तेच करतो.

सिरीयल पोर्टला नुसती केबल लावणं

मदरबोर्डवर चार पिना दिसल्या की त्या बहुधा सिरीयल कन्सोलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून डब्याला आज्ञा द्यायच्या जोडणीच्या, असतात, आणि त्यांवर सहसा ३.३ व्होल्ट चालतात. जुन्या कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टवर मात्र उणे-अधिक दोन्ही बाजूंना याच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं. थेट जोडलं की चिप जळते. मी असा एक बोर्ड घालवलाय आणि तो दुसऱ्याचा होता, म्हणून हे विसरत नाही. ३.३ व्होल्टचा यूएसबी अॅडॉप्टर घ्या. ग्राउंड, पाठवणं आणि घेणं या तीनच तारा जोडा आणि शेवटच्या दोघींची अदलाबदल करून जोडा. चौथी, व्होल्टेजची, मोकळी ठेवा. वेग बहुतेक ठिकाणी ११५२०० असतो.

केलेला बदल एका अपडेटमध्ये घालवणं

डिस्क न काढता नेटवर्कवरून फाइल ओढायची सोय केली की लोक निश्चिंत होतात. टिवोत मूळ सिस्टिमच्या दोन पार्टिशन असतात. एक चालू असते, दुसरी पुढच्या अपडेटसाठी. अपडेट दुसरीवर उतरतं आणि डबा तिच्यावरून सुरू होतो. तुम्ही टाकलेले एफटीपी (फाइली ओढायचा) आणि टेलनेट (आज्ञा द्यायचा) हे प्रोग्राम पहिल्या पार्टिशनवर पडून राहतात. ‘व्हार’ या पार्टिशनमध्ये ठेवलेल्या फाइलींवर तर मुळीच विसंबू नका, ते पार्टिशन गडबड झाल्यावर पुसलं जाऊ शकतं. माझ्या बदलांची प्रत कॉम्प्युटरवर असते आणि काय कुठे टाकलं याची वही असते.

शिवाय त्या टेलनेटला सहसा पासवर्ड नसतो. तो डबा घराबाहेरच्या जाळ्यावर उघडा ठेवू नका. राउटरमध्ये त्याच्यासाठी पोर्ट उघडणं तर नकोच.

थोडक्यात काही

फॅट३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. सेकंदाला ५ मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला सव्वादोन जीबी खातं, म्हणजे दोन तास पुरे व्हायच्या आतच फाइल अडते.

फाइलचं नाव ‘टीएस’वरून (प्रसारणाच्या मूळ प्रकारावरून) ‘एमपीफोर’ केलं म्हणजे फाइल बदलत नाही.

आयडीई डिस्कचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) काढण्याआधी फोटो घ्या.

यूएसबी १.१ वर तासाचं रेकॉर्डिंग अर्धा-पाऊण तास घेतं. अडकलं समजून केबल ओढू नका.

हातात आलेलं पुन्हा चेचणं

फाइल मिळाली की पहिलं काम म्हणून लोक ती ‘कन्व्हर्ट’ करतात. प्रसारणातलं चित्र आधीच दाबलेलं असतं, पुन्हा दाबलं की चेहऱ्यावरचे बारकावे जातात आणि ते परत येत नाहीत. फक्त फाइलचा प्रकार, म्हणजे टीएसचं एमपीफोर, बदलायचा असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रामला ‘कॉपी’ सांगा. चित्राला हात न लावता ते मिनिटाभरात होतं. लहान फाइल हवी तर वेगळी करा, मूळ टीएस ठेवा.

तुकडे जोडतानाही टीएसमध्येच जोडा, एकापुढे एक चिकटवले तरी चालतात. आवाज पुढे-मागे झाला तर चित्र आणि आवाज कधी दाखवायचे हे सांगणाऱ्या वेळेच्या शिक्क्यांकडे बघा. शिक्क्यातला ३३ बिटचा आकडा सेकंदाला ९०,००० ने वाढतो आणि साडेसव्वीस तासांनी शून्यावर येतो. रेकॉर्डिंगच्या मध्येच तो क्षण आला की काही प्रोग्राम गोंधळतात, फाइलची लांबी एक दिवस दाखवतात. फाइल खराब नसते, शिक्के नव्याने मारून घ्यायचे.

सगळं झालं की मी फाइल हेडफोन लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतो, मध्ये उड्या न मारता. दोन ठिकाणी प्रत ठेवतो. तोपर्यंत मूळ डिस्क लाल पट्टीसकट कपाटात असते, रेकॉर्डरमध्ये नाही, कारण तिथे लावली की टाइमशिफ्ट लगेच तिच्यावर लिहायला लागतं.