कटर जळाला की मशीनला शिव्या देऊ नका, आधी वायर बघा

मागच्या मे महिन्यात शेतातल्या खोलीत फरशी बसवत होतो, जळगावकडचं ऊन तर माहितीच आहे, पारा ४५ च्या आसपास. मीटरपासून ३० मीटर वायर ओढली, फरशी कापायचा कटर लावला तर नुसता गुरगुरतोय, जोर नाही, फरशीत अडकतोय. मिस्तरी म्हणे भाऊ कार्बन (मोटरला करंट पोचवणारे घासते तुकडे) गेले. कार्बन बदलले, तरी तेच. मग वायर हातात घेतली तर चटकाच बसला. घरातली पंख्या-टीव्हीची ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर होती, चूक आपलीच.

हिशोब सोपाय. १४०० वॅटचा कटर २३० व्होल्टवर ६ अँपिअर खातो. ०.७५ च्या वायरीत ३० मीटरला जाऊन-येऊन आठ-नऊ व्होल्ट वाटेतच कमी होतात, २.५ ची घेतली तर अडीच-तीनच. आता शेतात आधीच १९०-२०० येत असेल तर हे आठ-नऊ सुद्धा जड जातात, त्यात सुरू होताना मशीन कितीतरी पट करंट ओढते. १०-१५ मीटरला १.५ चालते, त्यापुढे किंवा काँक्रीट फोडायचा ब्रेकर असेल तर सरळ २.५, तीही तांब्याचीच. स्वस्त बंडलात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं, टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या.

दुसरी चूक म्हणजे वायर गुंडाळीतच ठेवून काम करणं. पाच मीटरच लागते म्हणून बाकीचं वेटोळं तसंच, आणि त्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आतली वायर एकमेकीला चिकटते. पूर्ण उलगडा, आणि सावलीत ठेवा.

पिन काळी पडली किंवा वितळली तर बोर्ड सैल आहे किंवा ६ अँपिअरचा आहे, अशा मशीनला १६ चा मोठा प्लग लागतो. आणि ते पिन काढून उघड्या तारा काडीने सॉकेटात खोचणं, अरे बाबा, फरशी कापताना खाली पाणी असतं! बोर्ड विटेवर ठेवा, जोड पाण्यात नको, चिकटपट्टीचा जोड तर नकोच. अर्थिंगची जाड पिन बसत नाही म्हणून मोडू नका. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तिला अर्थिंग लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांच्यासाठी वायर तीन तारीच हवी. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असेल तर उत्तमच.

दहा मिनिटं काम झालं की मशीन बंद करा, पिन काढा आणि वायर, पिन दोन्ही हाताने चाचपून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर जाड वायर आणा, तोवर काम बंद.