मिनिमम वेजवरून वर कसं यायचं, मला जे उशिरा कळलं ते

जास्त राबलं की पगार वाढतो हे आधी डोक्यातून काढून टाका. मी साडेतीन वर्षं गोदामात पॅकिंगला होतो, लाइनवर सगळ्यात फास्ट, सुट्टी नाही, उशीर नाही, आणि साडेतीन वर्षांत पगार वाढला तो फक्त सरकारने किमान वेतन वाढवलं तेव्हाच, म्हणजे कालच जॉइन झालेल्या पोराला पण तेवढाच आणि मला पण तेवढाच. खूप राग यायचा. नंतर कळलं की यात रागावण्यासारखं काही नाहीये, किमान वेतन हा त्या खुर्चीचा रेट असतो, तुमचा नसतो. 1894 मध्ये न्यूझीलंडने पहिल्यांदा असा कायदा केला तेव्हापासून त्याचा हेतू एवढाच आहे की याच्या खाली कुणाला राबवू नका. वर किती द्यायचं याबद्दल कायदा काहीच म्हणत नाही, आणि मालक स्वतःहून कशाला म्हणेल.

मग वरचे पगार कशावर ठरतात? मी पाहिलं ते असं की चूक झाली तर किती महागात पडते आणि तुमच्या जागी दुसरा माणूस किती दिवसांत तयार होतो, मुख्यतः या दोन गोष्टींवर. पॅकिंगवाल्याने चुकीचा बॉक्स भरला तर एक पार्सल परत येतं. स्टॉकवाल्याचा आकडा चुकला तर पुढची सगळी खरेदी चुकते. एकाच छपराखाली, तेवढेच तास, आणि त्याचा पगार माझ्या जवळपास दुप्पट होता. म्हणून पहिलं काम हे की तुमच्या जागेवरून दिसणारी पुढची खुर्ची शोधा, लांबची स्वप्नातली नको, शेजारची.

माझी कशी सापडली ते सांगतो. एका मालाचा स्टॉक दर महिन्याला कमी भरायचा, सिस्टिममध्ये 480 नग आणि रॅकवर 400. सगळ्यांचा संशय हमालांवर, दोघातिघांना तर वाकडंतिकडं बोललं पण गेलं. मी रोज तेच कार्टन फोडत होतो आणि कार्टनवर छापलेलं होतं 10 नग. आधी 12 यायचे, सप्लायरने पॅकिंग बदललं आणि सिस्टिममध्ये कुणी बदललंच नाही. 40 कार्टन, प्रत्येकी 2 कमी, झाले 80. मी वहीत मागच्या तीन मोजण्या लिहून बघितल्या तर प्रत्येक वेळी तूट कार्टनच्या बरोबर दुप्पट. सुपरवायझरला वही दाखवली, तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला या महिन्याच्या मोजणीला तू बस. बस, तिथून सुरू झालं. यात हुशारी काही नव्हती, कार्टनवरचा आकडा तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर होता. मुद्दा हा की तुमच्या हाताखालून अशी माहिती जाते जी ऑफिसमध्ये बसलेल्यांना दिसत नाही, ती टिपायची सवय लावा.

तुमच्याकडे हे कसं करायचं? तुमच्या वरच्या माणसाला कोणत्या कामाचा कंटाळा येतो ते बघा. शिफ्टचं वेळापत्रक लावणं, रिटर्नचा हिशोब, नवीन पोरांना शिकवणं, रिपोर्ट भरणं, असं काहीतरी असतंच. ते मागून घ्या. पण इथेच घोडं पेंड खातं, कारण फुकटचं जास्तीचं काम एकदा घेतलं की ते तुमचंच होऊन बसतं, आणि वर्षानंतर लोक म्हणतात हा तर करतोच की. म्हणून घेतानाच मुदत बोलून ठेवा, की साहेब तीन महिने करून बघतो, जमलं तर मग पदाचं आणि पगाराचं बोलू. मनातल्या मनात सहा महिन्यांची रेष आखा, त्याच्या पुढे तोंडाला पानं पुसली जात असतील तर तो अनुभव घेऊन दुसरीकडे अर्ज टाकायला लागा.

आता शिकण्याचं. एकच स्किल धरा, पाच नको. कोणतं ते मित्राला विचारू नका, जाहिरातींना विचारा. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या 20-25 जाहिराती उघडा आणि कोणती गोष्ट किती वेळा मागितली आहे त्याच्या वहीत रेघा मारा, तासाभरात चित्र स्पष्ट होतं. माझ्या वहीत एक्सेल सगळ्यात पुढे होतं. तेही सगळं एक्सेल नाही, व्हीलूकअप (एका यादीतली माहिती शोधून दुसरीत आणणं), पिव्हट टेबल (लांबलचक यादीचा बेरजांसकट छोटा तक्ता करणं) आणि फिल्टर (हव्या तेवढ्याच ओळी दाखवणं) एवढं नीट आलं तरी स्टॉक, बिलिंग, डिस्पॅचच्या कामाला भरपूर झालं. ऑफिसचं काम नको असेल तर ज्या कामाला लायसन्स किंवा सर्टिफिकेट लागतं तिकडे बघा, फोर्कलिफ्ट, अवजड वाहन, वेल्डिंग, वायरिंग. बऱ्याच ठिकाणी तिथे कुणालाही रस्त्यावरून उचलून उभं करता येत नाही, म्हणूनच तिथला रेट वर असतो. क्लासवाले मात्र सांभाळून. जो शंभर टक्के नोकरीची गॅरंटी देतो त्याच्याकडे पैसे भरायच्या आधी तिथून बाहेर पडलेल्या दोन जणांना शोधून विचारा आता कुठे आहात, काय मिळतं.

शिफ्ट करून आल्यावर अभ्यास होत नाही, उगाच खोटं कशाला बोला. माझं तर पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. शिफ्टच्या आधी 40 मिनिटं बसायला लागलो तेव्हा जमलं. आणि प्रॅक्टिसला कुठला खोटा डेटा घेऊ नका, स्वतःच्या हजेरीचा घ्या. रोज आत कधी, बाहेर कधी, ब्रेक किती, ओव्हरटाइम किती, आणि महिन्याशेवटी पगाराच्या स्लिपशी ताडून बघा. मी हे केलं तेव्हा लक्षात आलं की शिफ्ट संपल्यावर सामान आवरायची 15 मिनिटं कधी धरलीच जात नव्हती. 26 दिवसांचे साडेसहा तास होतात, म्हणजे जवळपास एक अख्खी शिफ्ट दर महिन्याला फुकट! पगार वाढवायचं नंतर बघू, आधी जो आहे तो तरी पूर्ण मिळतोय का बघा.

तीच वही पुढे बायोडेटाला पण कामाला येते. मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा असं सगळेच लिहितात, वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. 1200 प्रकारच्या मालाची महिन्याची मोजणी, फरक 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणला, असं लिहिलं की त्याचं बोट तिथे थांबतं आणि तो विचारतो हे कसं केलं. मग तुम्ही कार्टनची गोष्ट सांगायची. काउंटरवर असाल तर रोजची बिलं किती, कॅश किती दिवस न चुकता जुळली, नवीन किती जणांना शिकवलं, आकडा प्रत्येक कामात असतो. लिहून ठेवला नाही तर मात्र सहा महिन्यांनी आठवत नाही.

पगारवाढ मागायचं म्हटलं की घसा सुकतो, माझा पण सुकायचा. पण रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही. घरची अडचण सांगू नका, महागाई पण नको, कारण ती सगळ्यांनाच आहे. बजेट ठरायच्या एक-दोन महिने आधी, वही हातात घेऊन बोला. माझं वाक्य साधारण असं होतं, सर मी पॅकिंगच्या पगारावर आहे आणि पाच महिने मोजणीचं काम करतोय, हे आकडे बघा, या कामाचा बाहेर जो रेट आहे त्याच्या जवळ मला आणा. आणि मग गप्प. त्या शांततेत आपणच घाबरून आकडा खाली आणतो, मी एकदा आणला होता. नाही म्हणाले तर विचारा काय केलं तर हो होईल आणि कधीपर्यंत, आणि जे बोलणं झालं ते त्याच दिवशी मेसेज करून ठेवा.

प्रमोशनमधला एक फसवा प्रकार सांगतो कारण यात मी स्वतः पडलोय. सुपरवायझर केलं की हुद्दा मिळतो पण बऱ्याच देशांत त्या पदाला ओव्हरटाइमचा नियम लागू होत नाही. माझा पहिला सुपरवायझरचा पगार माझ्याच ओव्हरटाइमच्या महिन्यांपेक्षा कमी निघाला, आणि तास वाढले ते वेगळेच. हो म्हणायच्या आधी मागच्या सहा महिन्यांचा हातात आलेला सरासरी पगार काढा आणि त्याच्याशी तुलना करा.

नोकरी बदलायची का? गणित करून बघा. आज पगार 100 धरा. तिथेच राहून दर वर्षी 5 टक्के वाढ मिळाली तर पाच वर्षांनी 127.6. महागाई 6 टक्के असेल तर तेव्हा 133.8 लागतात आजच्याइतकंच जगायला, म्हणजे वाढ मिळूनही तुम्ही मागे. आत्ता 130 वर उडी मारली आणि पुढची चार वर्षं तीच 5 टक्के वाढ मिळाली तर 158. फक्त प्रवास धरायला विसरू नका. 8 तास काम आणि 1 तास प्रवास असेल तर 100 च्या पगारात तासाला 11.1 पडतात, नवीन ठिकाणी 120 मिळाले पण प्रवास 3 तास झाला तर 10.9. वीस टक्के वाढ म्हणून पेढे वाटले आणि तासाचा रेट खाली आला.

इंटरव्ह्यूमध्ये आत्ताचा पगार विचारतातच. खोटा आकडा सांगू नका, स्लिप मागितली की पंचाईत. पण विषय वळवता येतो, माझा आत्ताचा पगार दुसऱ्या कामाचा आहे, या पदासाठी तुमची रेंज काय आहे ते सांगा, असं मी शांतपणे म्हणायचो, आणि निम्म्या वेळा तरी ते सांगायचे.

एक महिन्याचा खर्च बाजूला असेल तर हे सगळं खूप सोपं जातं, नसेल तर पहिली ऑफर येईल ती धरावी लागते. मला माहितीये त्या पगारात बाजूला काढणं म्हणजे काय असतं, घरात खाणारी तोंडं जास्त आणि डोक्यावर हप्ते असतील तर होतच नाही. तेव्हा मग नोकरीत राहूनच शोधायचं, सुट्टीच्या दिवशी इंटरव्ह्यू, शिफ्ट बदलून घेऊन इंटरव्ह्यू, वेळ जास्त लागतो पण चालतं. राजीनामा मात्र लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय टाकू नका, फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी.

आणि निघताना काम नीट समजावून द्या. मी चार पानांवर लिहून दिलं होतं, कोणत्या मालाचं कार्टन किती नगांचं, कुठला सप्लायर न सांगता पॅकिंग बदलतो. दोन वर्षांनी तोच सुपरवायझर दुसऱ्या ठिकाणी गेला आणि माणूस हवा होता तेव्हा त्याने आधी मला फोन केला.