एसएम ५७ की एसएम ५८? माईक घेताना आणि लावताना या चुका टाळा

‘गाण्याला ५८, वाद्याला ५७.’ दुकानदारापासून साउंडवाल्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ आहे. ते खोटं नाही. पण त्यामागचं कारण फारसं कुणी विचारत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

शुअर कंपनीने एसएम ५७ आणला १९६५ साली, एसएम ५८ त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींच्या पोटात अर्नी सीलर या अभियंत्याच्या युनिडाइन तीन कॅप्सूलचीच (कॅप्सूल म्हणजे आवाज टिपणारा आतला भाग) रचना आहे. मुख्य फरक जाळीचा. ५८ ला स्टीलची गोल जाळी आणि तिच्या आत फोम, म्हणून ओठ जाळीला टेकले तरी कॅप्सूल दोन-तीन सेंटीमीटर लांब राहतं. ५७ ला चपटी, छोटी जाळी आणि कॅप्सूल लगेच तिच्याखाली. म्हणजे एक माईक अंतर राखून देतो, दुसरा अगदी जवळ जाऊ देतो. निवड करायची ती या अंतरावरून.

दुकानात ‘हॅलो, चेक’ म्हणून माईक निवडणं

दोन्ही माईक आळीपाळीने तोंडाला लावायचे आणि जो भारी वाटेल तो घ्यायचा, ही पद्धत सोडून द्या. ५७ मध्ये तोंड कॅप्सूलच्या जास्त जवळ जातं. जवळ गेल्यावर खर्ज फुगतो. कॅप्सूलपासून सहा मिलिमीटरवर १०० हर्ट्झच्या आसपास ही वाढ ६ ते १० डेसिबल असते. शिवाय अंतर ५ सेंटीमीटरवरून अडीचवर आलं की एकूण आवाजच साधारण ६ डेसिबलने चढतो. तुम्ही ऐकलात तो माईकमधला फरक नव्हता, तो अंतरातला फरक होता.

त्यात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माईक किती सिग्नल देतो ते, वेगळी: ५७ ची १.६ मिलिव्होल्ट, ५८ ची १.८५ आणि शुअरच्याच बीटा ५८ए या गाण्याच्या माईकची २.६. मिक्सरवर एकाच गेनवर (सिग्नल वाढवण्याच्या पातळीवर) बीटा ५८ए, ५८ पेक्षा ३ डेसिबल मोठा वाजतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो.

खरी तुलना अशी करा. दोन स्टँड शेजारी लावा, दोन्ही कॅप्सूल एका रेषेत आणा (जाळीची टोकं नव्हे), १५ सेंटीमीटरवरून गा आणि मीटर पाहून गेन सारखा करा. दहा मिनिटांचं काम आहे. ५७ आणि ५८ यांच्यातला फरक बघता बघता कमी होतो. उरतो तो ५७ मधला ६ किलोहर्ट्झच्या आसपासचा थोडा अधिक उठाव. ज्यांना ही दहा मिनिटं जड वाटतात, ते वर्षभर इक्वलायझर फिरवत बसतात.

जाळी मुठीत धरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून सविस्तर.

भारुडाचा किंवा ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम घ्या. साउंडचेक झाला तेव्हा माईक स्टँडवर होता, समोर मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), सगळं स्वच्छ. कार्यक्रम रंगला, गायकाने माईक हातात घेतला आणि तार सप्तकात जाताना गोल जाळी मुठीत आवळली. लगेच शिट्टी. साउंडवाल्याने फेडर खाली ओढला. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्याने माईक आणखी घट्ट धरून ओठांवर दाबला. पुन्हा शिट्टी. मग ग्राफिक इक्वलायझरवर २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्या खाली आल्या. शिट्टी थांबली, पण व्यंजनंही गेली आणि मागच्या रांगांना एक शब्द कळेना. दुसऱ्या दिवशी मंडळाचा निष्कर्ष: माईक खराब, महागाचा घेऊ. महागडा माईकही त्याच मुठीत जातो आणि तसाच ओरडतो.

कारण समजून घ्या. कार्डिऑइड माईक, म्हणजे ५७-५८ सारखा मुख्यतः समोरचं ऐकणारा माईक, मागचा आवाज कापतो तो कॅप्सूलच्या मागच्या बाजूच्या छिद्रांमुळे. मागून येणारा आवाज या छिद्रांतूनही आत शिरतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब एकमेकांना बराचसा रद्द करतो. ५८ मध्ये ही वाट गोल जाळीच्या खालच्या अर्ध्यातून जाते, ५७ मध्ये डोक्याच्या कडेच्या खाचांतून. ती झाकली की माईक चारही दिशांनी ऐकू लागतो, मॉनिटरसकट. वर मुठीची पोकळी स्वतःचा एक घुमारा वाढवते आणि शिट्टी नेमकी तिथे फुटते.

उपाय साधा आहे. जाळीच्या खाली दोन बोटं सोडून दांड्यावर रंगीत टेपची एक पट्टी गुंडाळा आणि गायकाला सांगा, हात पट्टीच्या वर यायचा नाही. साउंडचेक माईक हातात घेऊनच करा. गायक ऐकणारा नसेल तर त्याच्या मॉनिटरचा आवाज आधीच ३ डेसिबल कमी ठेवा. ५७ लावताना क्लिप मागच्या भागावर बसवा. खाचांवर टेप किंवा रुमाल गुंडाळू नका.

५७ वर उघड्याने गाणं

५७ वर गाता येतं; अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या टेबलावर अनेक दशकं ५७ ची जोडीच असते, पण विंडस्क्रीन (फोमची टोपी) घालून. मराठीत ‘पांडुरंग’, ‘भक्ती’, ‘फुलला’ असे श्वास फेकणारे शब्द पावलोपावली येतात. त्यातला प्रत्येक प, फ, भ उघड्या ५७ वर धक्क्यासारखा आदळतो. फोमचं विंडस्क्रीन घाला, ८ ते १० सेंटीमीटर अंतर ठेवा, माईक ओठांच्या थोडा बाजूने तिरका धरा आणि मिक्सरवरचा लो कट (खालचे सूर कापणारं बटण) लावा. एवढं करायचं नसेल तर ५८ घ्या, त्यात कमीपणा नाही.

सुपरकार्डिऑइड घेऊन मॉनिटर जुन्याच जागी ठेवणं

५८ कार्डिऑइड आहे. त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं ते बरोबर मागून, १८० अंशांवर, म्हणून मॉनिटर गायकाच्या थेट समोर. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचा आणखी अरुंद भाग ऐकणारा आहे. त्याच्या बहिऱ्या जागा साधारण १२६ अंशांवर, मागच्या दोन कोपऱ्यांत असतात, आणि बरोबर मागे त्याला थोडं ऐकू येतं. मॉनिटर तिथेच राहिला तर नव्या माईकवर फीडबॅक, म्हणजे तीच शिट्टी, वाढलेला वाटतो. एका मॉनिटरऐवजी दोन, डावी-उजवीकडे तिरके ठेवा. एकच असेल तर तो एका बाजूला सरकवा. शिवाय सुपरकार्डिऑइडला कडेचं गाणं चालत नाही. मान हलवत गाणाऱ्याला साधा ५८ जास्त सांभाळून घेतो.

पेटी-तबल्याला मिळेल तसा माईक लावणं

पेटीचा सूर पट्ट्यांच्या बाजूने वर उठतो आणि भात्याकडून धाप ऐकू येते. माईक भात्याच्या बाजूला ठेवला की श्वासासारखा फसफसाट मिळतो. ५७ पट्ट्यांच्या बाजूने, वरून, २० ते २५ सेंटीमीटरवर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर मधले सूर मोठे आणि टोकाचे बारीक येतात.

तबल्यावर ५७, पुडीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर, चाट आणि शाईच्या मध्ये रोखलेला. अगदी शाईवर रोखला तर नाद कोंडतो, चाटेवर रोखला तर नुसती टणटण. डग्ग्यासाठी ५८ किंवा ५७ दोन्ही चालतात. तिथे लो कट बंद हवा, नाहीतर घुमारा जातो. गळ्यासाठी लावलेला लो कट पूर्ण मिक्सरवर लावून ठेवणारे बरेच असतात, त्यांनी डग्ग्याचं चॅनेल आधी तपासावं.

गिटार ॲम्प्लिफायरला ५७, जाळीच्या कापडापासून अडीच सेंटीमीटरवर. कोनच्या मध्यावर आवाज धारदार, कडेकडे सरकवला की गोल. इक्वलायझरला हात लावण्याआधी माईक सरकवून पाहा.

आणखी काही

फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून माईकला जाणारी वीज) चालू राहिली म्हणून ५७-५८ सारखा डायनॅमिक माईक जळत नाही. बॅलन्स्ड केबल (आवाजाच्या दोन तारा आणि वर आवरण असलेली) आणि तिची जोडणी नीट असली की पुरे. चुकीची जोडलेली केबल मात्र धोक्याची.

एक्सएलआर (माईकचा तीन पिनांचा जोड) ते जॅक अशी केबल ॲम्प्लिफायरला थेट लावली की बॅलन्सिंग जातं आणि लांब वायरवर गुणगुण येते. पंधरा-वीस मीटर जायचं असेल तर एक्सएलआर इनपुटचा छोटा मिक्सर मध्ये घ्या.

नकली ५८ बाजारात भरपूर आहेत. खऱ्याचं वजन केबलशिवाय २९८ ग्रॅम; किंमत अर्धी आणि वजन हलकं, तर परत करा.

५८ ची जाळी फिरवून निघते. कार्यक्रमानंतर ती काढून आतल्या फोमसकट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. जाळी नसताना कॅप्सूलवर फुंकर मारू नका. जाळी चेपली असेल तर सुटी मिळते, आरके १४३जी या क्रमांकाने मागा.